मधमाश्यांची विविधता : संग्रहालयातील नमुने आणि नागरिकांच्या नोंदी

१

एखाद्या प्रदेशातील मधमाश्यांच्या जाती कमी होत आहेत की नाहीत, हा प्रश्न वरकरणी मोजदादीचा वाटतो. वस्तुतः तो साक्षीपुराव्याचा प्रश्न आहे. आज काय आहे ते रानात जाऊन पाहता येते. शंभर वर्षांपूर्वी काय होते ते पाहण्यास मात्र मागील पिढ्यांनी जपून ठेवलेल्या पुराव्याखेरीज अन्य साधन नाही. हा पुरावा आज दोन प्रकारचा उपलब्ध आहे. एक, संग्रहालयांच्या कपाटांत टाचणीला टोचून ठेवलेले नमुने. दुसरा, ज्यांचा हा व्यवसाय नव्हे अशा नागरिकांनी बागेत, शेतात वा रस्त्याच्या कडेला पाहून केलेल्या नोंदी, ज्यांच्याबरोबर अलीकडे बहुधा छायाचित्रही असते. पहिल्या प्रकारचा ओघ अनेक देशांत मंदावला आहे, तर दुसऱ्याचा वर्षागणिक वाढतो आहे. अशा स्थितीत जुन्या नमुन्यांची नव्या नोंदींशी तुलना करून 'जाती घटल्या' वा 'घटल्या नाहीत' असा निर्णय देणे कितपत न्याय्य आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शब्दाविषयी खुलासा आवश्यक आहे. मराठीत 'मधमाशी' हा शब्द मध साठविणाऱ्या मोजक्या जातींपुरताच रूढ आहे. परंतु परागावर आपली प्रजा पोसणाऱ्या माश्यांच्या जगभरात वीस हजारांहून अधिक जाती वर्णिल्या गेल्या असून त्यांतील बहुसंख्य जाती एकाकी राहणाऱ्या आहेत. त्यांची मादी जमिनीत, पोकळ काडीत वा लाकडात एकटीच घर करते. पोळे नाही, राणी नाही, मधाचा साठाही नाही. येथे 'मधमाशी' हा शब्द ह्या सर्व समूहासाठी योजिला आहे. तसेच 'जाती' ही जीवशास्त्रातील मूळ एकक-संज्ञा आणि जवळच्या जातींचा समूह तो 'वंश', असा संकेत पाळला आहे.

२

संग्रहालयातील नमुन्याचे मोल त्याच्या खाली टोचलेल्या चिठ्ठीत आहे. स्थळ, दिनांक आणि संग्राहकाचे नाव एवढाच मजकूर त्या चिठ्ठीवर असतो. पण चिठ्ठी हरवली तर उरते ती केवळ एक मेलेली माशी. चिठ्ठीसह असलेला नमुना मात्र असा साक्षीदार आहे की, ज्याला शंभर वर्षांनंतरही पुन्हा पाचारण करून नवे प्रश्न विचारता येतात. त्याचे नाव चुकले असेल तर सुधारता येते. आणि संग्राहकाच्या मनातही नसलेल्या प्रश्नांची उत्तरे त्याच्याकडून मिळविता येतात.

ह्याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. पश्चिम युरोपात आयव्ही वेलीच्या फुलांवर शरद ऋतूत येणारी 'कोलेटीस हेडेरी' ही मधमाशी स्वतंत्र जाती म्हणून १९९३ साली वर्णिली गेली. तत्पूर्वी ती दिसत नव्हती असे नव्हे. जवळच्या जातींत मिसळून तिची गणना होत असे. केवळ 'अमुक जाती पाहिली' एवढाच जुना लेख उरला असता, तर त्यातील कोणती नोंद जुन्या जातीची व कोणती नव्या, हे ठरविणे अशक्य झाले असते. नमुना असेल तर तो पुन्हा भिंगाखाली घेता येतो.

दुसरे उदाहरण नेदरलँड्समधील आहे. १९५० पूर्वी पकडलेल्या मधमाश्यांच्या अंगावर संग्रहालयात तसाच राहिलेला पराग तपासून, त्या काळी कोणती जाती कोणत्या वनस्पतींवर अवलंबून होती हे संशोधकांनी निश्चित केले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात सत्तावन्न जातींचा विचार केला होता. ज्या मधमाश्यांच्या आवडीच्या वनस्पती पुढे दुर्मिळ झाल्या त्या मधमाश्याही घटल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. ते नमुने टोचून ठेवणाऱ्यांनी परागाचा विचार केला असण्याचा फारसा संभव नाही.

तथापि संग्रह म्हणजे निसर्गाचे प्रमाणबद्ध चित्र नव्हे. संग्राहक जातो तेथेच संग्रह होतो. आणि तो जातो रेल्वे, रस्ता, विश्रामगृह वा विद्यापीठ जवळ असेल तेथे. शिवाय त्याची दृष्टी दुर्मिळाकडे असते. सर्वत्र आढळणाऱ्या माशीचे चार नमुने घेतले की पाचवा घेण्याचे त्याला कारण उरत नाही. दुर्मिळ माशी मात्र दिसेल तितकी तो घेतो. परिणामी संग्रहात सामान्य जाती त्यांच्या खऱ्या संख्येपेक्षा फार कमी आणि दुर्मिळ जाती फार अधिक दिसतात. त्यातही एखादा उत्साही संग्राहक निवृत्त झाला की त्या जिल्ह्याच्या नोंदी थांबतात. अशा वेळी आलेख खाली उतरतो तो संग्राहकाच्या अनुपस्थितीमुळे, मधमाश्यांच्या नव्हे.

३

नागरिकांच्या नोंदींचे बळ नेमके येथेच आहे. एकट्या संशोधकास जे क्षेत्र आणि जितका काळ व्यापता येत नाही, ते सहस्रावधी डोळ्यांना व्यापता येते. ब्रिटनमध्ये 'बॉम्बस हिप्नोरम' ही बंबलबी २००१ साली प्रथम आढळली. वक्षावर तांबूस केस, उदर काळे आणि टोक पांढरे, अशी तिची ओळख सोपी असल्यामुळे सामान्य नागरिकही ती निःशंकपणे ओळखू शकत होते. ती उत्तरेकडे सरकत स्कॉटलंडपर्यंत कशी पोहोचली, ह्याचा इतिहास वर्षावर्षाने सांगता येतो तो मुख्यतः अशा नोंदींमुळे. वर उल्लेखिलेली आयव्हीवरील मधमाशीही त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रथम सापडली आणि तिचाही प्रसार ह्याच रीतीने नोंदला गेला. कोणत्याही संग्रहालयाने इतक्या ठिकाणी, इतक्या वेळा माणसे धाडली नसती.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. 'नागरिक' म्हणजे अनभिज्ञ असे नव्हे. ब्रिटनमधील हौशी निरीक्षकांत एकेका वंशाचे जाणकार पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. तेथील ३५३ जातींच्या रानटी मधमाश्या व पुष्पमाश्यांविषयी १९८० ते २०१३ ह्या काळाचा जो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, तो मुख्यत्वे अशा स्वेच्छेने केलेल्या नोंदींवरच आधारलेला होता. सुमारे एक तृतीयांश जातींचा विस्तार आकुंचित झाला आणि सुमारे एक दशांश जातींचा वाढला, असे त्यात आढळून आले.

परंतु ह्या नोंदींची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. मधमाश्यांच्या अनेक जाती छायाचित्रावरून ओळखता येत नाहीत. पंखातील शिरांची मांडणी, जिभेची लांबी, उदरावरील सूक्ष्म खड्डे, नराची जननांगे, अशा लक्षणांवर निर्णय अवलंबून असतो, आणि ही लक्षणे फुलावर बसलेल्या माशीच्या चित्रात क्वचितच उमटतात. 'बॉम्बस ल्युकोरम', 'बॉम्बस मॅग्नस' आणि 'बॉम्बस क्रिप्टारम' ह्या तीन जातींच्या कामकरी माश्या बाह्य रंगरूपावरून खात्रीने वेगळ्या करता येत नाहीत; त्यासाठी जनुकीय परीक्षा करावी लागते. अशा ठिकाणी निरीक्षक कितीही प्रामाणिक असला तरी त्याची नोंद त्या तीन जातींच्या समूहापुढे जाऊ शकत नाही.

'आयनॅचरलिस्ट' ह्या २००८ साली सुरू झालेल्या प्रसिद्ध नोंदस्थळावर एखाद्या निरीक्षणास संशोधनयोग्य दर्जा मिळण्यासाठी दिनांक, स्थळ व पुरावा ह्यांबरोबर ओळखीविषयी दोन तृतीयांशांहून अधिक मतैक्य लागते. ही व्यवस्था उपयुक्त आहे; परंतु मतैक्य म्हणजे प्रमाण नव्हे, हेही ध्यानात ठेवावयास हवे. तसेच ह्या नोंदींचा कल मोठ्या, रंगीत, शहरात आढळणाऱ्या आणि सुटीच्या दिवशी दिसणाऱ्या माश्यांकडे असतो. तांदळाच्या दाण्याहून लहान, काळपट माशी बहुतेकांच्या दृष्टीस पडत नाही. पडली तरी ती मधमाशी आहे असे वाटत नाही.

४

हे दोन पुरावे एकमेकांसमोर ठेवताना होणारी चूक एका कल्पित उदाहरणाने दाखविता येईल. एका जिल्ह्यातील जुन्या संग्रहात १,००० नमुने व ६० जाती आहेत असे समजा. त्याच जिल्ह्यातील नव्या नागरिक-नोंदी ३०० असून त्यांत ४० जाती आहेत. 'वीस जाती नष्ट झाल्या' हा निष्कर्ष येथे सर्वस्वी निराधार आहे. जितके अधिक नमुने तितक्या अधिक जाती सापडावयाच्याच. म्हणून जुन्या हजार नमुन्यांतून यदृच्छया ३०० नमुने पुनःपुन्हा उचलून, प्रत्येक वेळी किती जाती येतात ह्याची सरासरी काढावी लागते. ती ४२ आली, तर वीस जातींचा फरक दोन जातींवर येतो.

येथेही काम संपत नाही. नव्या ३०० नोंदींपैकी ९० नोंदी पाळीव मधमाशीच्या असतील, आणि जुन्या संग्राहकांनी ती क्षुल्लक म्हणून उचललीच नसेल, तर ती जाती दोन्हीकडून वगळणे प्राप्त होते. उरल्या २१०. त्यांतील ७० नोंदींची ओळख केवळ वंशापर्यंत पोहोचली असेल, तर जातींच्या मोजणीस त्या निरुपयोगी होत. उरल्या १४०; म्हणजे तुलना करावयाची ती १४० ची १४० शी. शिवाय यदृच्छया उचलण्याच्या ह्या पद्धतीत संग्रह हा निसर्गाचा यथाप्रमाण अंश आहे असे गृहीत असते. संग्राहकाने सामान्य जातींचे जादा नमुने टाकून दिलेले असल्यामुळे ते गृहीत खरे ठरत नाही आणि जुना काळ होता त्याहून अधिक समृद्ध भासतो. संख्या समान केली म्हणजे पुरावा समान झाला असे नव्हे, हे ह्यावरून ध्यानात यावे.

भाषेच्या अभ्यासकास ही अडचण अपरिचित नाही. मोल्सवर्थच्या कोशात एखादा शब्द नाही, एवढ्यावरून तो १८३१ साली बोलीत नव्हता असे कोणी म्हणत नाही. आणि ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात स्थानिक अधिकाऱ्यांकरवी जमविलेले नमुने कोशातील नोंदींशी एकास एक ताडून पाहता येत नाहीत. कोशकाराने काय गाळले आणि सर्वेक्षकाने काय विचारले, हे आधी ठरवावे लागते. मधमाश्यांच्या बाबतीतही नेमके हेच करावयाचे असते.

जागतिक नोंदींच्या एका अभ्यासात २००६ ते २०१५ ह्या काळात १९९० पूर्वीच्या तुलनेने सुमारे एक चतुर्थांश कमी जातींच्या नोंदी झाल्याचे २०२१ साली दाखविण्यात आले. हा आकडा सर्वत्र गाजला. परंतु 'नोंदलेल्या जाती घटल्या' आणि 'जाती नष्ट झाल्या' ही दोन भिन्न विधाने आहेत. दुर्मिळ जाती अधिक दुर्मिळ झाल्या म्हणून त्या सापडेनाशा झाल्या, हा एक अर्थ; त्या शोधून ओळखणारे तज्ज्ञच विरळ झाले, हा दुसरा. दोहोंतील भेद करण्यासाठी प्रत्येक जागी, प्रत्येक पद्धतीने किती शोध घेतला गेला हे कळावयास हवे.

ह्याउलट, अमेरिकेच्या ईशान्य भागातील ४३८ जातींचा सुमारे १४० वर्षांचा इतिहास संग्रहालयीन नमुन्यांवरून मांडणाऱ्या २०१३ सालच्या अभ्यासाने नमुन्यांची संख्या समान करून तुलना केली. तेव्हा बंबलबींच्या जाती स्पष्टपणे घटल्याचे, परंतु इतर मधमाश्यांच्या एकूण जातिसंख्येत तशी ठळक घट नसल्याचे दिसून आले. परदेशांतून आलेल्या जाती मात्र वाढल्या होत्या. हे चित्र सरसकट विनाशाचे नाही आणि सरसकट समाधानाचेही नाही. तुलना काटेकोर झाल्यामुळेच ते इतके तपशिलाने मिळू शकले.

५

ह्या चर्चेचा व्यवहारातील परिणाम केवढा असतो, ते 'बॉम्बस अफिनिस' ह्या अमेरिकन बंबलबीच्या उदाहरणावरून कळते. ही माशी पूर्वी अमेरिकेच्या २८ राज्यांत व कॅनडाच्या दोन प्रांतांत आढळत असे. हे कळते ते संग्रहांवरून. आठ जातींच्या बंबलबींविषयी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७३,००० हून अधिक संग्रहालयीन नोंदी आणि प्रत्यक्ष क्षेत्रातून नव्याने मिळविलेल्या १६,००० हून अधिक बंबलबी ह्यांची तुलना केली होती. चार जातींचे सापेक्ष प्रमाण कमाल ९६ टक्क्यांपर्यंत घसरले असल्याचे त्यात आढळले; 'बॉम्बस अफिनिस' ही त्यांपैकी एक. २००० सालानंतर ती १३ राज्यांत आणि कॅनडाच्या एकाच प्रांतात आढळली होती. २०१७ साली अमेरिकन शासनाने तिला विलुप्तीच्या धोक्यातील जाती म्हणून कायद्याचे संरक्षण दिले. जुन्या चिठ्ठ्या नसत्या, तर ती पूर्वी कोठे होती हे सांगता आले नसते. आणि जे होते तेच ठाऊक नसल्यास ते गेले असे सिद्ध करता येत नाही.

पण संरक्षण द्यावयाचे ते आज ती जेथे आहे तेथे. ते स्थळ दाखविण्यात नागरिकांच्या छायाचित्रांनी मोठे काम केले. मिनेसोटातील मिनियापोलिस-सेंट पॉल आणि विस्कॉन्सिनमधील मॅडिसन ह्या शहरांच्या परिसरात, घरामागील बागांत ती वारंवार दिसू लागली. मात्र येथेच सावध राहणे अगत्याचे आहे. ती शहरांत टिकून राहिली म्हणून तेथे दिसते, की पाहणारे शहरांत आहेत म्हणून तेथे दिसते? पहिले खरे असेल तर बागांचे रक्षण हा उपाय ठरतो. दुसरे खरे असेल तर जेथे कोणी पाहिले नाही अशा कुरणांतील तिच्या वस्त्या नकाशावर न आल्यामुळेच नांगराखाली जातील. ज्या भागांत नोंदी नाहीत तेथे मुद्दाम जाऊन, ठरावीक वेळ, ठरावीक रीतीने शोध घेतल्यावाचून ह्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

'न दिसणे' ह्याला पुराव्याचे मोल केव्हा येते, हे 'बॉम्बस फ्रँकलिनी' ह्या जातीवरून कळते. दक्षिण ऑरेगन व उत्तर कॅलिफोर्निया एवढ्याच लहान टापूतील ही बंबलबी कीटकशास्त्रज्ञ रॉबिन थॉर्प ह्यांनी १९९८ पासून त्याच त्या जागी वर्षानुवर्षे जाऊन शोधली. २००६ साली माउंट अ‍ॅशलंड येथे त्यांना शेवटची एकच माशी दिसली. त्यानंतरही थॉर्प शोधत राहिले. २०१९ साली त्यांचे निधन झाले आणि २०२१ साली ही जाती धोक्यातील म्हणून घोषित झाली. रिकाम्या हाताने परतलेल्या दिवसांची नोंद थॉर्प ह्यांनी ठेवली नसती, तर तिच्या अभावाविषयी काहीच म्हणता आले नसते. सामान्य निरीक्षक दिसले ते लिहितो. शोधूनही न दिसलेले लिहीत नाही. म्हणून आधुनिक संख्याशास्त्रीय पद्धतींत एका भेटीत नोंदलेल्या सर्व जातींची यादी हेच शोधाचे प्रमाण मानतात. ज्या यादीत दहा जाती आहेत पण अकरावी नाही, ती यादी त्या अकराव्या जातीविषयीही काही सांगते. एकाच माशीचे सुटे छायाचित्र सांगत नाही.

६

भारतात, आणि महाराष्ट्रात विशेषतः, हा विचार अद्याप वेळेत आहे. भारतातून सातशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. 'ब्रिटिश भारतातील प्राणिसृष्टी' ह्या ग्रंथमालेत बिंगहॅम ह्यांनी १८९७ साली लिहिलेला गांधीलमाश्या व मधमाश्या ह्यांवरील खंड आजही प्रारंभीचे साधन म्हणून उघडावा लागतो. जुने नमुने मुंबई, कोलकाता, लंडन अशा ठिकाणी विखुरलेले आहेत. नागरिकांच्या नोंदी मात्र आता झपाट्याने वाढत आहेत.

त्या नोंदी कशा असतील, ह्याचा अंदाज भाषेवरूनही करता येतो. मराठीत आग्या, सातेरी, फुलोरी आणि पोया ही नावे आहेत, कारण त्यांपासून मध मिळतो किंवा दंशाचे भय असते. लाकूड पोखरणाऱ्या मोठ्या काळ्या माशीस भुंगा हे नाव आहे, कारण ती मोठी असून आवाज करते. पानांचे गोल तुकडे कापून घर करणाऱ्या, जमिनीत बीळ करणाऱ्या, काडीत अंडी घालणाऱ्या शेकडो जातींना मात्र 'माशी' ह्यापलीकडे रूढ नाव नाही. आणि ज्याला नाव नाही ते सहसा नोंदीत येत नाही. उद्या येथील नोंदी आग्या, सातेरी आणि भुंगा ह्यांनी भरलेल्या असतील, तर त्या जुन्या संग्रहातील लहान एकाकी माश्यांशी ताडून पाहणाऱ्यास सह्याद्रीतील बहुसंख्य मधमाश्या नष्ट झाल्या असे वाटेल. तो निष्कर्ष चुकीचा ठरेल. पण त्याहून मोठा धोका असा की, काही जाती खरोखरच नष्ट झाल्या असतील तर त्यांचे जाणे ह्याच गोंधळात लपून राहील.

ह्यावर उपाय अवघड नाहीत. नोंद करणाऱ्याने एकाऐवजी तीन चित्रे घ्यावीत : चेहरा, पंख आणि मागचे पाय. किती वेळ पाहिले आणि काहीच दिसले नाही असे दिवस कोणते, हे लिहावे. ज्या फुलावर माशी होती त्याचे नाव अवश्य द्यावे. येथे सामान्य नागरिक संशोधकाहून उणा नाही, कारण जांभूळ, हिरडा, कारवी, सोनकी ही नावे त्याच्या तोंडी आहेत. नेदरलँड्समध्ये जी माहिती जुन्या परागातून कष्टाने मिळवावी लागली, ती येथे आजच लिहून ठेवता येते. जेथे चित्रावरून ओळख पटत नाही तेथे, अनुज्ञा घेऊन, मोजके साक्षी-नमुने सार्वजनिक संग्रहात जमा करावेत आणि नोंदीत त्यांचा क्रमांक द्यावा. विद्यापीठीय विभागांनी जुन्या चिठ्ठ्यांचे वाचन व प्रतिलेखन हाती घ्यावे. त्यांवरील जुन्या लेखनपद्धतीतील गावांची नावे आजच्या नावांशी जुळविणे हे काम प्राणिशास्त्रज्ञाइतकेच भाषेच्या विद्यार्थ्याचेही आहे.

सारांश, संग्रहालयातील नमुना आणि नागरिकाची नोंद हे परस्परांचे पर्याय नव्हेत. माशी कोणती होती हे नमुना खात्रीने सांगतो. परंतु त्याचे बोलणे तुटक असते. नोंद पुष्कळ बोलते, पण नावाविषयी अनेकदा साशंक असते. दोहोंना एकच प्रश्न विचारून उत्तरांची वजाबाकी करणे, हा ह्या विषयातील सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक मार्ग होय. प्रत्येक साक्षीदाराने काय पाहिले, काय पाहण्याची त्याची शक्यताच नव्हती आणि त्याचे म्हणणे पुन्हा तपासता येते की नाही, हे आधी ठरवावे. त्यानंतरच घट वा वाढ हा शब्द उच्चारावा.